पाळणा कुणाच्या खोलीत

पट्टा सापडत नव्हता.

तिनं उशीखाली पाहिलं, साबणाच्या फळीवर पाहिलं, टेबलावरच्या नकाशांच्या गुंडाळ्या उलट्या करून झटकल्या. अंघोळीला जाताना तो मनगटावरून काढून आरशापाशी ठेवल्याचं तिला पक्कं आठवत होतं. आणि तेव्हा घरात पाळण्यातली ठमी आणि सासूबाई, याखेरीज कुणी नव्हतं.

तिला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. ओठ वाचून तिनं कॉलेज केलं, नोकरी मिळवली, लग्नही स्वतःच जमवलं. पण ठमी झाली आणि सासूबाई पाळणा सरळ आपल्या खोलीत घेऊन गेल्या. "पोर रडून रडून निळी पडली तरी तुला काय कळणार?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. ठमीच्या छातीवर हात ठेवून त्या झोपायच्या. तो हात तिला कुलपासारखा दिसायचा.

मग पट्टा आला. पाळण्याच्या दांडीला एक डबी लावायची. ठमी थोडा वेळ सलग रडली की इकडे मनगटावर पट्टा थरथरायचा, बटण दाबेपर्यंत. पाळणा तिच्या खोलीत परत आला. पुढच्या खोलीत बसून ती घरांचे नकाशे काढायची आणि मनगट हललं की पेन्सिल टाकून उठायची. रात्रीसुद्धा अशी उत्साहात उठायची की नवरा म्हणाला, "झोपमोड झाल्यावर खूश होणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय."

सासूबाई मात्र मिटून गेल्या. हल्ली ती बोलायला लागली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, जणू उच्चार कुठे घसरतो ते पकडायचंय. शेजारीण टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आली, तर यांनी बोट दाखवलं सुनेकडे. "हिच्यापायी लावावा लागतो हो." ओठ तिनं स्वच्छ वाचले. टीव्हीकडे ती ढुंकूनही बघत नसे. पण खापर फोडायला तिचे कान बरे सापडले होते.

"आई, माझा पट्टा पाहिलात का?" तिनं जाऊन विचारलं.

सासूबाई तिच्या ओठांकडेच बघत होत्या. "तुझ्या वस्तूंना मी कशाला हात लावू? ठमीला विचार. तिनंच घातला असेल तोंडात."

संध्याकाळी नवरा आला आणि दोघांचं खुणांनी भांडण जुंपलं. सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. खुणांची भाषा शिकायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

"त्यांनीच लपवलाय."

"काहीतरीच काय."

"मग विचार ना त्यांना."

"काय विचारू? आई, तू चोर आहेस का?" त्यानं हात झटकले. "नवीन मागवतो. येईपर्यंत पाळणा आईकडे राहू दे."

"आणि आला की तोही हरवेल."

"मग पाळणा तिकडेच राहील. तुझ्या संशयापायी मी पोरीचे हाल नाही करणार."

पाळणा दांडीवरच्या डबीसकट गेला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तुकतुकी आली. ठमीला खांद्यावर घेऊन त्या घरभर मिरवू लागल्या. ठमीही मेली लबाड, आईकडे आली की मान वळवून आजीला शोधायची. हिला वाटायचं, आपलीच लेक मागून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरचे कपडे घेऊन ती खाली आली. सासूबाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पाळण्याकडे पाठ करून त्या खिडकीशी उसवलेलं झबलं शिवत बसल्या होत्या. पाळण्यात ठमी जागी झाली होती.

तिला आवाजाची गरज नव्हती. आधी पाय आखडले, मग हनुवटी थरथरली, मग तोंड एवढं मोठं उघडलं आणि चेहरा लालबुंद झाला. हा ठमीचा अगदी वरच्या पट्टीतला रडण्याचा चेहरा होता.

सासूबाईंची सुई चालूच होती.

ती धावणार होती, पण उंबऱ्यातच थबकली. लेकीसाठी जीव तुटत होता, आणि त्याच वेळी आतून काहीतरी खूश झालं होतं. सापडल्या. पोर हातभरावर टाहो फोडतेय आणि आजीबाई टाके घालतायत. कपडे खाली टाकून तिनं मोबाईल काढला आणि चित्रण सुरू केलं. आता नवऱ्यानं बघावं, कोणाच्या खोलीत कोणाचे हाल होतात ते.

पडद्यावर ठमी रडत होती आणि सासूबाई शांतपणे दोरा ओढत होत्या.

मग त्या दचकल्या. घाईघाईनं बाही वर सारून त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याचं बटण दाबलं, आणि त्यानंतर कुठे वळून पाळण्याकडे बघितलं.