टाकीची तब्येत

"पीएच सात पॉइंट चार," आई फोनवर म्हणाली. "आणि खताची ताकद मोजायचं ते दुसरं यंत्र दोन पॉइंट सहा दाखवतंय. पानांच्या कडा करपल्यात रे."

सकाळचे सात वाजले होते. तो अजून अंथरुणातच होता.

"दोन पॉइंट सहा? सॅलडच्या पानांना दीड पुरतं, किती वेळा सांगितलं! निम्मी टाकी उपस, साधं पाणी भर. मग आम्ल घाल. थोडं घालायचं, ढवळायचं, मोजायचं."

"थांब, लिहून घेते. थोडं म्हणजे किती?"

पाचशे लिटरची टाकी. अंदाजपंचे सांगून चालणार नव्हतं. तो उठला, पडदा सारला आणि कागद शोधायला लागला.

चार महिन्यांपूर्वी तो खतांच्या कारखान्यात होता. बिनमातीची शेती करणाऱ्यांना कुठलं खत किती घालायचं, ते ठरवून द्यायचं त्याचं काम. एका माणसाला दिलेल्या चिठ्ठीत दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि दोन दिवसांत त्या माणसाचं शेडभर पीक जळून गेलं. त्यानं शिवी दिली नाही. फक्त फोटो पाठवला.

कारखान्यानं सांभाळून घेतलं. यानं मात्र कानाला खडा लावला. पुन्हा कुणाला आकडा सांगायचा नाही. नोकरी सोडली, भाड्याच्या खोलीत दार लावून बसला. मित्रांचे फोन वाजून वाजून थांबले.

आईचा थांबेना. पन्नाशी उलटल्यावर तिनं गावाबाहेर शेड उभारली होती. पाण्यावर पानं वाढवायचं सगळं त्याच्याकडूनच शिकली होती. गेले तीन महिने तिच्या टाकीला रोज नवं दुखणं. एक दिवस कोवळी पानं पिवळी. एक दिवस तळाशी पांढरा गाळ.

"कॅल्शियमचं खत आणि बाकीची खतं एकाच बादलीत घट्ट कालवलीस ना?"

"मग? वेगवेगळ्या बादल्या लागतात?"

"आई! मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं!"

"वय झालं रे माझं."

तो चिडायचा. मग दिवसभर येरझारा घालायचा. आम्ल जास्त तर पडलं नसेल? यंत्र तपासून घेतलं असेल का तिनं? संध्याकाळी तोच उलटा फोन करायचा.

तयार खताच्या बाटल्यांवर ती करत असलेला खर्च ऐकून तर तो उडालाच.

"पैसा पाण्यात घालतेस तू!"

"मग कशात घालू? माती आहे कुठं आपल्याकडे?"

कित्येक दिवसांनी त्याला हसू आलं. त्यानं सुट्या खतांचा हिशोब मांडला. खर्च निम्म्याहून खाली येत होता. पण स्वतः करून बघितल्याशिवाय आकडा सांगायची हिंमत होईना. तो जिना उतरला आणि त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून छोटा वजनकाटा आणि तीन बादल्या घेतल्या.

"रंगकाम काढलंय वाटतं?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. आईची टाकी आजारी आहे."

महिन्याभरात पहिल्यांदाच तो परक्या माणसाशी बोलला होता. दोन बादल्यांत त्यानं मागवून घेतलेली सुटी खतं वेगवेगळी विरघळवली, तिसरीत साध्या पाण्यात थोडी थोडी मिसळली आणि खिडकीत चार रोपं लावली. रोपं तरारली. तीनदा पडताळून त्यानं आईला आकडे सांगितले.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "तुझ्या त्या खतांनी मुळं तपकिरी झाली रे."

"शक्यच नाही. माझी पांढरीशुभ्र आहेत."

"मग माझीच का अशी?"

त्याचा जीव टांगणीला लागला. त्यानं सगळे आकडे पुन्हा मांडले. चूक सापडेना, म्हणून आणखीच भीती वाटायला लागली. गुरुवारी आईनं कहर केला.

"पीएच आठला टेकलाय. मुळांना वास मारतोय. मला वाटतं, शेड बंदच करावी."

 तो पडक्या आवाजात "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. पुन्हा आपलाच आकडा? या वेळी आईच्या टाकीत?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं पहिली बस पकडली. तिला कळवलं नाही. पिशवीत वजनकाटा, आपली यंत्रं आणि आम्लाची बाटली. वाटेत तिला काय सांगायचं ते तो जुळवत राहिला. माझं चुकलं. सगळं उपसून नव्यानं भरू. मी महिनाभर राहतो. लागलं तर दोन महिने.

शेडचं दार अर्धवट उघडं होतं. कुजका वास येईल म्हणून त्यानं श्वास रोखला.

वास नव्हता.

रोपं बसवलेल्या नळ्यांच्या सहा रांगा हिरव्यागार पानांनी गच्च भरल्या होत्या. एकाही पानाची कड करपलेली नव्हती. त्यानं एक रोप उचलून पाहिलं. मुळं दुधासारखी पांढरी. यंत्र टाकीत बुडवलं. दीड. पुसून पुन्हा बुडवलं. दीडच. पीएच पाच पॉइंट नऊ.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईच्या अक्षरात रोजचे आकडे होते. त्यानं मागची पानं उलटली. चार महिन्यांत पीएच सहा पॉइंट दोनच्या वर एकदाही गेला नव्हता.

शेवटच्या रांगेमागे आई आणि मावशी पाठमोऱ्या बसून पानं पिशव्यांत भरत होत्या.

"आज काय बिघडवायचं ठरवलंयस?" मावशीनं विचारलं.

"काल जरा जास्तच झालं गं. आवाज पडला होता त्याचा. आज काहीतरी हलकंफुलकं सांगते."

"अगं, पण किती दिवस?"

"सात वाजले. गप्प बस आता," आई म्हणाली. "त्याला उठवायचंय."

त्याच्या खिशातला फोन थरथरला.