जागेची अदलाबदल

तिसरीच्या वर्गात भांडण झालं की बाई दोघांना एकमेकांच्या जागेवर बसवत आणि समोरच्याची बाजू मांडायला लावत. पाच मिनिटांत दोघांचाही राग निवळायचा. अपवाद एकच. त्या मुलीला सगळा वर्ग मिरची म्हणायचा, कारण ती कुणाचंच ऐकून घेत नसे. बाईंनी तिच्यावर वर्षभर मेहनत घेतली, आणि पोरगी खरंच निवळली.

शेवटच्या दिवशी फळा पुसता पुसता बाई कौतुकाने म्हणाल्या, "मिरचे, हल्ली तुला रागच येत नाही गं. वर्ग अगदी अळणी झालाय."

"घरी पण येत नाही, बाई. बाबांनी पट्टा काढला की मी मनातल्या मनात त्यांच्या जागी जाऊन बसते."

बाईंचा हात थांबला. "मग?"

"मग पटतं मला. दिवसभर उभं राहून माणूस दमून येतो, आणि घरात आल्या आल्या आम्हा दोघा भावंडांची कटकट. आधी मी खूप ओरडायचे. शेजारचे काका येऊन दार वाजवायचे, तेव्हा कुठे बाबा थांबायचे. आता काकांना यावं लागत नाही."

बाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या की काय, असं वाटून ती घाईघाईने म्हणाली, "धाकटा अजून ओरडतो, बाई. पण मी त्याला रोज शिकवतेय. तुमच्यासारखंच, अजिबात न चिडता."