नात्यात नसलेली व्यक्ती

नोकरीच्या पहिल्याच अर्जात ऋजुताचं पेन एका रकान्यापाशी अडलं: 'तुम्हाला चांगलं ओळखणारी, नात्यात नसलेली व्यक्ती'. या शहरात तीन वर्षं शिकूनही तिला असं कुणी सुचेना. सरांना तर ती वर्गात होती हेही आठवलं नसतं.

शेवटी गोंधळून तिनं मेसच्या मावशींना विचारलं, "तुमचं नाव घालू का? म्हणजे... तुमचं नाव काय?"

"इंदुमती ढवळे. आणि तुझं गं?"

दोघीही ओशाळल्या.

"मग नोकरीवाल्यांचा फोन आला तर काय सांगाल?"

मावशींचं लाटणं थांबलं नाही. "सांगेन, भात नको म्हणते. पेपर बिघडला की 'बाहेर खाऊन आले' अशी थाप मारते. नाव लिही आणि पानावर बस. आजही उपाशीच आहेस."