चढावरची फुंकर

हॉटेलपासून पाळण्यांच्या मैदानापर्यंत मी बस चालवतो, पण माझं पोट चालतं बडबडीवर. ड्रायव्हरनं प्रवाशांना हसवलंच पाहिजे, असा आमच्या रिसॉर्टचा नियम. म्हणून डोक्यावर लाल गोंड्याची टोपी आणि समोर माइक. चढावर मी मुद्दाम बस थांबवतो आणि ओरडतो, "मंडळी, गाडी दमली! फुंकर मारा!" अख्खी बस गाल फुगवून फुंकते, मी हळूच गिअर टाकतो, की टाळ्या. आज चढावर इंजिन खरंच बंद पडलं. हँडब्रेक ओढला, तो धरेना. पायाचा ब्रेक जीव खाऊन दाबला. जरा पाय सैल पडला की बस मागे सरकायची, आणि खाली उताराच्या टोकाला तिकिटांची रांग. "गाडी बिघडलीय, पटापट उतरा!" मी माइकवर ओरडलो. सगळे खो खो हसले. "मामा, आज नवीन काढलंत वाटतं!" पोरांनी गाल फुगवले. "अहो, आईशप्पथ खरं सांगतोय!" हशा आणखी वाढला. शेवटी मी माइक बंद केला, टोपी काढली आणि नुसतं मागे वळून पाहिलं. पुढच्या सीटवरच्या आजींना माझा चेहरा दिसला. नातीचा हात धरून त्या उठल्या. मग सगळेच उठले. बस रिकामी झाली. दोघं चाकाखाली घालायला दगड शोधत धावले. मी पाय उचलू शकत नव्हतो. दुसरा पायही ब्रेकवर रोवला. खिडकीबाहेर ती नात गाल फुगवून फुंकू लागली. बघता बघता सगळेच फुंकू लागले. या वेळी कुणीही हसत नव्हतं.