ओल लागू देऊ नकोस

कॉम्प्युटर सकाळी बंद पडला तो उठेचना. लेकीला सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा होता आणि तो त्यातच अडकला होता. मी मात्र निश्चिंत होतो. अख्ख्या सिस्टिमचा बॅकअप मी तेरा फ्लॉप्यांवर घेऊन पावसाळ्यातच बायकोच्या हवाली केला होता, वर ‘ओल लागू देऊ नकोस’ असं बजावलंही होतं. “फ्लॉप्या कुठे आहेत?” मी विचारलं. “गच्चीवर,” ती म्हणाली. “उडदाच्या पापडांशेजारी. चार दिवस ऊन दाखवतेय.” जळगावचं मे महिन्यातलं ऊन. बारा फ्लॉप्या पापडांसारख्याच मुरडल्या होत्या. पहिली तेवढी मी तिला द्यायला विसरलो होतो, म्हणून वाचली. ती घातली. कॉम्प्युटर घरघरत उठला, लेकीच्या जिवात जीव आला आणि पडद्यावर त्यानं दुसरी फ्लॉपी मागितली. बायकोनं एक पदरानं पुसून पुढे केली. “जरा वाकलीय. पण ओल औषधालासुद्धा नाही.”