न लागलेलं दही

"साहेब, तुमची हिरवी चांदी फक्त वाईट जंतू मारते ना? मग आमच्या गावात दही का लागत नाही?"

विचारून दाखवच, अशी वर्गातल्या तबस्सुमने पैज लावली होती आणि निशिगंधाने शाळेच्या भर सभागृहात उभं राहून विचारलं. गावच्या नळाच्या पाण्यात जंतुनाशक चांदी सोडणाऱ्या कंपनीचे साहेब गालात हसले.

"बाळ, आमची चांदी जास्वंदीच्या पानांपासून बनते. निसर्ग कधी कुणाचं वाईट करतो का? आणि दही काय, पाकिटातलं आणा की!"

सगळं सभागृह हसलं. बाईंनी तिला डोळ्यांनीच खाली बसवलं.

घरी पोचली तरी तिचे कान तापलेलेच होते. आई नळाच्या पाण्याने धुतलेल्या गाडग्यात बोट बुडवून बघत होती. दूध अजून दूधच! शेजारी विरजण मागायचीही सोय नव्हती, कारण सगळ्यांच्या घरी तेच.

"अगं, पानांचीच असते ती चांदी," बाबा म्हणाले. त्याच कंपनीच्या कारखान्यात ते पानं उकळायचे.

"कण्हेरीलाही पानंच असतात, बाबा! आज विरजण मेलं, उद्या शेतातली माती मरेल. तेव्हा पाकिटातली माती आणायची?"

"हळू बोल, साहेबांच्या कानावर जाईल."

"जाऊ दे! मी ठरवलंय. आपला नळ आजपासून बंद. विहिरीचं पाणी मी आणीन, मीच उकळीन, म्हशीलाही तेच पाजीन. मावशीच्या वाडीवर अजून नळ गेलेला नाही, तिथून विरजण आणते. आणि दही लागलं ना, की पहिली वाटी साहेबांच्या टेबलावर!"