खांबाचा तुकडा

"हा उचला, आणि पोरगी न्या." टेकडीवरच्या रोमन देवळाचा एक खांब तुकडे होऊन गवतात पडला होता. त्यातल्या एका तुकड्यावर नवरीच्या काकाने, शाहीनने, थाप मारली.

खालच्या गावचं वऱ्हाड दगडाभोवती जमलं. लेबनॉनच्या त्या डोंगरात रीतच तशी होती. दुसऱ्या गावची मुलगी न्यायची, तर वराकडच्या कुणीतरी नेमून दिलेला दगड जमिनीपासून सुटा करायचा. पण आजवर तो दगड म्हणजे चर्चच्या अंगणातलं मांस कुटायचं उखळ असायचं.

"उखळाला तडा गेलाय," शाहीन म्हणाला.

तडा कधी गेला, ते कोणी विचारलं नाही. पुतणी नज्ला सासरी गेली की शाहीनच्या रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला कोण घालणार, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

नवरदेव तनूस शिंपी. त्याचे हात बघूनच बायका हसल्या. मग त्याचा गवंडी आतेभाऊ पुढे झाला. त्याने आधी कोट काढला, मग सदरा. दगड जागचा हलला नाही.

"काका, हा देवाचा खांब आहे हो!" गवंडी म्हणाला.

"मग देवाला बोलव. नाहीतर उद्या या, परवा या. दगड कुठे पळून जात नाही, आणि पोरगीही नाही."

नज्ला खेचरावर बसून होती. काकीने उतरायची खूण केली. "मी बरी आहे इथे," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

शाहीनची आई काठी टेकत आली. दगडाभोवती एक फेरी मारली, बसकण मारली. दगड गवतातल्या दोन फरशांवर टेकला होता, मध्ये बोटभर फट. म्हातारीने डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला, काठीने फटीत सरकवला आणि पलीकडून ओढून घेतला. अख्खा रुमाल बाहेर आला.

"जमिनीपासून सुटलाय," ती म्हणाली.

"अगं आई, तो पहिल्यापासूनच तसा..."

"मी खोटं बोलते म्हण. म्हण ना, सगळ्या गावासमोर!"

शाहीनने गावाकडे पाहिलं. गाव उरलेले खांब न्याहाळत होतं.

तो पुन्हा वळला तेव्हा म्हातारी उघड्या डोक्याने, नज्लाच्या खेचराचा लगाम धरून, उतरणीला लागली होती.